मुठीतलं अंजीर

"…मग दोर घट्ट धरायचा नाही, तर काय सोडून द्यायचा?"

पुरुषोत्तमचा आवाज चढला होता. दोराचं एक टोक त्याच्या मुठीत होतं आणि दुसरं चांद्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात. चांद्या म्हणजे मठातलं कुत्रं. त्याचा वरचा ओठ कालच्या भांडणात फाटला होता.

आप्पा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांना तेल चोळत होते.

"सोड म्हनलं का मी?"

"सैल धर म्हणता. समोरून अनोळखी कुत्रं दात विचकत येतंय, आणि मी दोर सैल धरू?"

"हां."

"आणि झोंबलं तर?"

आप्पांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"आजवर घट्ट किती येळा धरलास?"

"प्रत्येक वेळी."

"आन झोंबलं किती येळा?"

…

महिन्यात तिसऱ्यांदा झोंबलं होतं, आणि ते सगळ्या बोरमाळ गावाला ठाऊक होतं.

आप्पांचं पूर्ण नाव धुळाप्पा. चाळीस वर्षं त्यांनी मेंढरं राखली, मग माळावरच्या या दोन खोल्यांच्या मठात येऊन बसले. रोज सकाळी चांद्याला घेऊन खाली ओढ्यापर्यंत जायचे. वाटेत दहा दारांशी थांबायचे, कुणाचा ताप उतरला का विचारायचे, कुणाची कागाळी ऐकायचे. या दिवाळीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि फेरी पुरुषोत्तमकडे आली.

चांद्याचा दोर ज्याच्या हाती, तो आप्पांच्या मागे मठात बसणार, असं कुणी म्हणालं नव्हतं. पुरुषोत्तमने मात्र ते मनाशी पक्कं धरलं होतं. कॉलेजातली तत्त्वज्ञानाची नोकरी सोडून तो नऊ वर्षांपूर्वी इथे आला होता. आप्पा त्याला 'मास्तर' म्हणत. ते मानाने म्हणतात, असं त्याला वाटे.

काल संध्याकाळी गावातली दोन वडीलधारी माणसं येऊन सांगून गेली होती. आणखी एकदा भांडण झालं तर कुत्र्याला वाटेवर आणायचं नाही. नाहीतर दोर दुसऱ्या कुणाच्या हाती द्या.

दुसरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

सिद्राम दसऱ्याला मठात राहायला आला होता. आधी ट्रक चालवायचा. बरोबर राणी नावाची खरजेने केस गेलेली कुत्री. ना त्याला वाचता येत होतं, ना नीट मांडी घालून बसता येत होतं. पण तो काहीतरी बोलायचा आणि आप्पा हसायचे. खदखदून, डोळ्यांना पाणी येईस्तोवर.

पुरुषोत्तमच्या वाट्याला नऊ वर्षांत असं हसू आलं नव्हतं. त्याच्या बोलण्यावर आप्पा मान डोलवायचे, एवढंच.

अंगणातून हसण्याचा आवाज आला की पोथी वाचताना त्याची ओळ चुकायची. पोटात दुखू लागायचं. आणि हे दुखणं कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण तो सगळं सोडून आलेला माणूस होता.

"दोष दोराचा नाही, आप्पा," पुरुषोत्तम म्हणाला. "कुत्राच मत्सरी आहे. दुसरं कुत्रं दिसलं की याला सहन होत नाही."

आप्पांनी चांद्याकडे पाहिलं. चांद्याने शेपूट हलवलं.

"असंल," आप्पा म्हणाले.

"मग उपाय सांगा."

"समोरनं कुत्रं आलं तर आधी त्याच्या मानसाला इचार, आमचं जवळ आलेलं चालंल का म्हनून. नको म्हनला तर लांबनं जायाचं. चालंल म्हनला तर तोंडासमोर न्यायचं न्हाई. वळसा घिऊन, बगलंनं न्यायचं. दोर ढिला. चार श्वास वास घिऊ द्यायचा, हाक मारायची आन चालू लागायचं. तुझं पाय थांबलं की त्याचं डोस्कं चालू हुतंय."

"आणि मूठ?"

"ती तेवढी तुला जमत न्हाई."

हे आप्पा साधेपणाने म्हणाले. पुरुषोत्तमला मात्र ते झोंबलं. सिद्राम मागच्या अंगणात असता तर त्याने हे ऐकलं असतं, असा विचार त्याच्या मनात आधी आला.

आप्पांनी ओट्याच्या कोपऱ्यातली टोपली उचलली. खाली एक अंजीर होतं.

मठात अंजिराचं एकच झाड होतं, आणि पिकलेलं फळ पाखरं माणसाला मिळू देत नसत. हे एवढं एक आप्पांनी कालपासून झाकून ठेवलं होतं. पुरुषोत्तमला ते ठाऊक होतं. ते सिद्रामसाठी ठेवलंय, हेही त्याने रात्रीच ठरवून टाकलं होतं.

"हे धर. दोराच्याच मुठीत."

"कशाला?"

"फेरी करून ये. आख्खं परत आन."

अंजीर इतकं पिकलं होतं की बोटाचा भार पडला तरी साल सुटेल. पुरुषोत्तमने ते तळहातावर घेतलं, दोराचा फास मनगटात सरकवला आणि बोटं अलगद मिटली.

"आणि अख्खं आणलं तर?"

"दोर तुझा."

…

पुरुषोत्तम उठला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढी सोपी परीक्षा असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

माळाच्या उतारावर पहिली गाठ शहरातल्या एका बाईंशी पडली. रविवार होता. हल्ली रविवारी शहरातली माणसं आपापली कुत्री घेऊन माळ चढायला येत. बाईंच्या हाती पिवळसर रंगाचा, चांगला पोसलेला कुत्रा होता.

चांद्याचे कान ताठ झाले. पुरुषोत्तमची मूठ आवळू पाहत होती, तेवढ्यात अंगठ्याखालचं अंजीर मऊ लागलं.

त्याने बोटं सैल केली.

"बाई, आमचं जवळ आलेलं चालेल का?"

"नको हो. याचा पाय दुखावलाय, आज चिडचिडा आहे."

"मग आम्ही खालून जातो."

त्याने चांद्याला हाक मारली आणि करवंदीच्या जाळीला वळसा घातला. दोर जमिनीला टेकेल इतका ढिला होता. चांद्याने एकदा मागे पाहिलं आणि पुढे चालू लागला.

"थँक्यू हं," बाई वरून म्हणाल्या. "इतकं विचारून कुणी जात नाही."

पुरुषोत्तमला बरं वाटलं. आप्पांनी हे ऐकायला हवं होतं.

दुसरी गाठ मेंढरांच्या कुत्र्यांशी. दोन होती, गळ्यात काटेरी पट्टे, दोर नाहीच. मेंढपाळ पार पलीकडच्या बांधावर. कुत्री तीरासारखी आली. पुरुषोत्तमचे पाय चालत राहिले. त्याने अंग वळवून बाजू दिली. कुत्र्यांनी चांद्याचा वास घेतला, चांद्याने त्यांचा. एक श्वास, दोन, तीन, चार.

"चल रे."

चांद्या चालू लागला. ती दोघंही आपल्या मेंढरांकडे गेली.

त्याने मूठ किंचित उघडून पाहिली. अंजीर जसंच्या तसं.

तिसरी गाठ ओढ्याजवळ पडली, आणि तीच खरी अवघड होती. पाटलांचा टायगर. चांद्याचा ओठ फाडला तो यानेच. त्याला धरून पाटलांची सून उभी होती.

"मास्तर, तिकडनंच जावा बाई. परत नको."

"लांबूनच जातो, वहिनी. तुम्हीही दोर थोडा सैल सोडा. ओढू नका."

तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिने सोडला. पुरुषोत्तम लांबून वळसा घेऊन गेला. टायगरने एकदा भुंकून पाहिलं. चांद्या शिंकला, बाभळीपाशी थांबला, पाय वर केला आणि पुढे निघाला.

दोन दारांतून माणसं पाहत होती.

"जमलं की मास्तरला," कुणीतरी म्हणालं.

परत चढताना पुरुषोत्तम मनात वाक्यं जुळवत होता. फार बोलायचं नाही. नुसती मूठ उघडायची. सिद्राम तेव्हा ओट्यावर बसलेला असावा, असंही त्याला वाटलं. खरं तर तेच जास्त वाटलं.

अंगावर ऊन आलं होतं. दोर ढिला होता. मठ शंभर पावलांवर राहिला होता.

ओढ्याकडून येणारी आडवाट तिथेच मिळते. त्या वाटेने सिद्राम वर आला.

त्याच्या खांद्यावर आप्पांची घोंगडी होती.

काळी, पांढऱ्या काठाची. नऊ वर्षं रोज पहाटे तिची घडी पुरुषोत्तमने घातली होती. तिचं एक टोक उसवलं तेव्हा दोन गावं पालथी घालून तसाच लोकरीचा धागा त्याने आणला होता. खांद्यावर मात्र एकदाही घेतली नव्हती. कुणी पाहत नसतानाही तशी हिंमत झाली नव्हती.

"झाली का फेरी, मास्तर?" सिद्राम हसत म्हणाला.

चांद्या गुरगुरला.

पाठीवरचे केस उभे राहिले. दात दिसले. रोज ज्याच्या मांडीवर डोकं टाकून पडायचा, त्याच सिद्रामवर.

"आरं, मी हाय की," सिद्राम दोन पावलं मागे सरला. "काय झालं रं तुला?"

"घोंगडी कुणी दिली?" पुरुषोत्तमने विचारलं.

"आप्पांनीच की."

सिद्राम बाजूने वर निघून गेला.

पुरुषोत्तमच्या बोटांना काहीतरी ओलं, चिकट लागत होतं.

तो मठात पोचला तेव्हा आप्पा तिथेच बसले होते. सिद्राम कुंपणाच्या भिंतीवर घोंगडी पसरत होता. राणी पायरीवर झोपली होती.

"लई पिसवा झाल्यात हिच्यात," सिद्राम आपल्याशीच बोलत होता. "चांद्या लोळतोय न्हवं रोज. ओढ्यात धोंड्यावर आपटली, तरी जाईनात. वाळू दे आता उन्हात."

पुरुषोत्तमने ते ऐकलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा राग आला.

"बघू," आप्पा म्हणाले.

त्याने मूठ उघडली. अंजिराचा लगदा झाला होता. बिया बोटांच्या बेचक्यांत चिकटल्या होत्या, दोरावरही लाल डाग पडला होता.

"कोन कोन भेटलं?"

"एका बाईंचं कुत्रं. मेंढरांची दोन. पाटलांचा टायगर."

"टायगरनं फोडलं?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. टायगरचं नाव सगळ्यांनी मान्य केलं असतं. पुरुषोत्तमने तोंड उघडलं…

आणि मिटलं.

"नाही."

"मेंढरांच्या कुत्र्यांनी?"

"नाही."

"मग?"

भिंतीवर घोंगडी झटकल्याचा आवाज येत होता.

"मग सिद्राम भेटला," पुरुषोत्तम हळू म्हणाला.

"संगं राणी हुती?"

"नव्हती. एकटाच होता."

"मग कुठलं कुत्रं आडवं आलं?"

"कुठलंच नाही. पण आप्पा, चांद्या गुरगुरला त्याच्यावर. मी खोटं सांगत नाही, सिद्रामला विचारा."

"गुरगुरला असंल."

आप्पांनी त्याच्या तळहाताकडे पाहिलं.

"आधी गुरगुरला, का आधी फुटलं?"

…

सिद्रामचे हात थांबले. राणीने डोळे उघडले.

…

"आधी फुटलं," पुरुषोत्तम म्हणाला.

आप्पांनी चांद्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या पट्ट्यातून दोर सोडला. मोकळा झालेला चांद्या आधी पुरुषोत्तमकडेच आला. त्याचा हात त्याने नीट चाटून घेतला, बोटांच्या बेचक्यांसकट. मग उन्हात जाऊन सिद्रामच्या पायाशी आडवा झाला.

दोर पुरुषोत्तमच्या मनगटावरून लोंबत राहिला.

"म्हणजे उद्यापासून दोर सिद्रामचा," तो म्हणाला. आवाज शांत ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला. पण ते जमलं नाही.

आप्पांनी तेलाची वाटी पुन्हा जवळ ओढली.

"दोर तुझाच ऱ्हाऊ दे, मास्तर. उद्या कुत्रं न घेता जाऊन ये."