शेजारच्याची लाइफ

डोकं खाल्लंत म्हणून सांगतो. रविवारच्या पुरवणीला दृष्टांत हवा म्हणे, आणि तोही असा की वाचणाऱ्याला चहाबरोबर गोड लागावा. गोड लागेल याची हमी मी देत नाही. यात ऋषी नाही, नदीकाठ नाही, झाडाखालचा पार नाही. व्हिडिओ गेमचं दुकान आहे. चालत असेल तर वाचा, नाहीतर पान उलटा, पलीकडे राशिभविष्य छापलेलं असतं.

एका पेठेच्या गावी पूर्वी एक वृद्ध राहत असे. पिठाच्या गिरणीला लागून त्याची एक खोली होती. खोलीत जाडजूड टीव्ही, पुढे सतरंजी, आणि एका यंत्राला जोडलेले दोन रिमोट. शाळा सुटली की पोरं तिथे येऊन लोळायची. सगळी त्याला आबा म्हणत.

आबाचा एक शिष्य होता. विशी ओलांडलेला तरुण. बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायला शिकावं म्हणून आला आणि खेळाच्या नादाने तिथेच राहिला. त्याच्यासारखा खेळणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तो स्वतःच सांगत असे.

त्या दुकानाचा प्राण म्हणजे एक कॅसेट. गेमचं नाव 'लोहग्रह', भाग दुसरा. गोष्ट पुढच्या युगातली. माणसाने बनवलेली यंत्रं माणसावरच उलटतात, एक अख्खा ग्रह बळकावतात, आणि तो सोडवायला दोन शिपाई आकाशयानातून उड्या टाकतात. पहिला भाग गल्लोगल्ली मिळायचा. दुसरा भाग मात्र या देशात फारसा आलाच नाही.

या दुसऱ्या भागाची एक रीत होती. दोघांनी मिळून खेळायचं. एकाच्या सगळ्या लाइफ संपल्या, की त्याने लाल बटण दाबायचं. शेजारच्याच्या शिलकीतली एक लाइफ त्याला मिळते. विचारावं लागत नाही. यंत्राला लाज नसते. या लाल बटणापायी त्या सतरंजीवर जितकी भांडणं झाली तितकी शेताच्या बांधावरून झाली नसतील. शिष्य तर सर्रास घ्यायचा. धाकटी पोरं कुरकुरली की म्हणायचा, "मी जगलो तर गेम पुढे जाईल. तू जगून काय दिवे लावणार आहेस?"

त्याच पेठेत एक भांड्यांचा व्यापारी होता. त्याला संग्रहाचा शौक. घरी काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, आत लोहग्रहच लोहग्रह. पहिल्या भागाचे देशोदेशीचे खोके, वेष्टनसुद्धा न फाडलेले. शिपायाचा पितळी पुतळा. मऊ ब्रशने तो स्वतः धूळ झटकायचा. नातवंडाचं बोट काचेला लागलं तरी अंगावर ओरडायचा. कपाटात एकच जागा रिकामी होती, दुसऱ्या भागाची. आणि आल्यागेल्या पाहुण्याची नजर नेमकी तिथेच जाते असं त्याला वाटे. जेवण गोड लागेना.

तो दुकानात आला. किंमत विचारली.

"विकायची नाही," आबा म्हणाला.

"अहो, पण तुम्हाला तिचा उपयोग काय?"

"पोरं खेळतात."

"खेळतात! असली वस्तू खेळायला देतात का कुणी?"

"मग काय लोणचं घालतात तिचं?"

पोरं खिदळली. व्यापाऱ्याला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी पानपट्टीवर उभं राहून तो चारचौघांत बोलला, "अशी जिन्नस असल्या माणसाकडे येईलच कशी? पावती दाखव म्हणावं. चोरीची आहे ती."

खरं म्हणाल तर ती कॅसेट एका बाईने दिलेली होती. तिचा मुलगा परदेशी निघाला, तेव्हा म्हणाला, आबाला दे, पोरं खेळतील. पुढे ती बाईही गाव सोडून गेली. प्रेमाने दिलेल्या वस्तूची पावती कोण करतं? पण पेठेत शब्द सुटला की तो घरोघरी जाऊन बसतो. पोरांच्या आया म्हणू लागल्या, "त्या दुकानात जायचं नाही." सतरंजी अर्धी रिकामी झाली. शिष्य धुमसत होता. आबा नुसता रिमोटची बटणं कापडाने पुसत बसायचा.

शेवटी व्यापारी पेठेतली वडीलधारी माणसं घेऊनच दुकानात आला. त्यांच्यातले कापडवाले अण्णा समजुतीने म्हणाले, "आबा, पावती असेल तर दाखवा. विषय मिटेल."

"पावती नाही."

"ऐकलंत?" व्यापारी म्हणाला. "आता ही माझ्याकडे ठेवा. कपाटात सुरक्षित तरी राहील. इथे तिची काय दशा झाली आहे बघा. लेबल उडालंय. घामट हात लागून लागून कडा काळ्या पडल्यात."

आबाने मान वर केली. "शेठ, एक करा. माझ्याबरोबर एक गेम खेळा. गेम संपला की तुम्ही म्हणाल ते मला मान्य. चोरीची म्हणालात, तर उचला आणि चालू लागा. मी हूं की चूं करणार नाही."

शिष्याने आबाच्या कानाशी लागून म्हटलं, "आबा, फिर्यादीलाच न्यायाधीश केलंत? डोकं फिरलंय का तुमचं?"

"टीव्ही लाव."

"निदान मला तरी बसवा. मी शेवटपर्यंत नेऊन दाखवतो. तोंडं बंद होतील सगळ्यांची."

"तुझं तोंड बंद कर आधी. शेठ, बसा. खाली बसावं लागेल, खुर्ची नाही."

व्यापारी धोतर सावरत सतरंजीवर टेकला. बसता बसता माहिती द्यायला लागला. हा भाग कुठल्या साली निघाला, खोक्यावरच्या शिपायाची ढाल निळी का, कुठल्या देशात कोणतं नाव छापलं. आबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो "असं होय" म्हणत राहिला. मग व्यापाऱ्याने रिमोट हातात घेतला, तो उलटा. एका पोराने फिरवून दिला.

खेळ सुरू झाला. दोन शिपाई आकाशातून उतरले. व्यापाऱ्याचा शिपाई दोन पावलं चालला आणि खड्ड्यात गेला. पुन्हा उतरला, पुन्हा त्याच खड्ड्यात. तिसऱ्यांदा खड्डा ओलांडला तर समोरून आलेल्या गोळीवर छातीच दिली. पोरं मुठी तोंडात घालून हसत होती. व्यापाऱ्याने रिमोट खाली ठेवला.

"झालं. मेलो मी. संपलं."

"संपलं कुठे?" आबा म्हणाला. "माझ्यातली एक घ्या."

"म्हणजे?"

ज्या माणसाला खोक्यावरच्या ढालीचा रंग पाठ, त्याला लाल बटण ठाऊक नव्हतं. शिष्याला प्रथम हसू आलं, मग आलं नाही. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. ज्याच्या शेजारी कधी कुणी बसलं असेल त्यालाच हे कळतं. या माणसाच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

"शेठ, लाल! लाल बटण दाबा!" पोरं ओरडली.

त्याने दाबलं. शिपाई उठून उभा राहिला. व्यापाऱ्याचे डोळे मोठे झाले. "अरे! खरंच की!"

तो मेला, त्याने घेतली. पुन्हा मेला, पुन्हा घेतली. आबा कडेकडेने लढत पुढे सरकत होता आणि आपली शिल्लक त्याच्या ओंजळीत रिकामी करत होता. शिष्य दातओठ खात होता. वितळलेल्या लोखंडाची नदी आली, तोवर व्यापाऱ्याचा हात बराच बसला होता. नदीवरच्या पुलावर लोखंडी कोळी असतो, डोंगराएवढा. त्याचा एक पाय व्यापाऱ्याच्या शिपायावर येत होता. आबा मध्ये शिरला आणि आबाची शेवटची लाइफ गेली. त्याच घटकेला व्यापाऱ्याचे गुण पुरे झाले आणि टुणुक आवाज करून त्याला एक जादा लाइफ मिळाली.

आबाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"आबा, बटण!" शिष्य किंचाळला. "त्याच्याकडे एक आहे!"

"दिसतंय मला."

"घ्या ना!" व्यापारीही ओरडला. नजर पडद्यावर, कपाळावर घाम. "एकट्याने नाही जमायचं मला! घ्या लवकर!"

"तुमची आहे ती, शेठ. दुसऱ्याची वस्तू उचलणाऱ्याला पेठेत काय म्हणतात ते तुम्हीच सांगितलंत."

"अहो, मी देतोय!"

"चोराला देताय की माझ्यासारख्या माणसाला? तेवढं बोला. लगेच उठतो."

व्यापाऱ्याचं तोंड उघडलं. मागे वडीलधारी माणसं कान देऊन उभी होती. तोंड मिटलं. कोळ्याचा पाय खाली आला. व्यापारी एकदा मेला, हाताशी असलेली ती जादा लाइफ घेऊन पुन्हा उठला, आणि पुन्हा मेला. पडद्यावर लाल अक्षरं आली.

आबाने कॅसेट उपसली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "बोला. शब्द दिलाय मी."

व्यापारी कॅसेटकडे बघत राहिला. त्याचा हात घामेजला होता. कडेवर बोटांचे ठसे उमटले. अण्णांनी खाकरून विचारलं, "शेठ, निकाल काय?"

"निकाल काय निकाल!" तो खेकसला. "त्या कोळ्याच्या पायाखालून जायचं असतं की वरून, ते कळू द्या आधी. लाव रे ती परत."

कॅसेट दुकानातच राहिली. पोरं परत आली. व्यापारीही रोज दिवेलागणीला येऊन सतरंजीवर बसू लागला. आबाच्या लाइफ घेऊ लागला आणि आबा त्याला देऊ लागला. मात्र पानपट्टीवर बोललेला तो एक शब्द त्याने मागे घेतला नाही. आणि आबाची शिल्लक संपली की आबाचे हात गुडघ्यांवर. गेम रोज त्याच नदीवर अडायचा.

एके दिवशी शिष्याला राहवेना. "आबा, कॅसेट राहिली. शेठ मांडीला मांडी लावून बसतो. आता एक बटण दाबायला काय जातं तुमचं? हा अहंकार नाही का?"

आबा म्हणाला, "अहंकार असता तर मी त्याला माझ्यातलं काही घेऊ दिलं नसतं. देण्याला मी मोकळा आहे. शेजारी येऊन बसला तो आपला. तो मला काय म्हणतो हे मी देताना बघत नाही. घेणं निराळं. ज्याच्या तोंडी मी अजून चोर आहे, त्याच्याकडचं उचललं तर त्याचा शब्द मी माझ्याच बोटाने खरा करतो. कॅसेट कपाटात गेली असती तरी मी हेच केलं असतं. वस्तू जाते, दुसरी येते. यंत्राने मुभा दिली म्हणून माणसाने हात घालायचा नसतो. तो शब्द मागे घेईपर्यंत मी त्या पुलावर पडून राहीन. मला काही घाई नाही."

संध्याकाळी शिष्य एका चिमुरड्याबरोबर खेळायला बसला. बेसावधपणे खेळला आणि लाइफ संपवून बसला. अंगठा सवयीने लाल बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"एक घेऊ का रे तुझी?"

पोरगं चक्रावलं. आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. त्याने बराच विचार केला, आणि मोठ्या रुबाबात म्हणालं, "घे. पण नीट खेळ."

आता तात्पर्य. देताना हात सैल असू द्या आणि घेताना मान ताठ. याच्यापुढे मला शहाणपण येत नाही.

आणि दृष्टांतात माणसांची नावं घेत नाहीत असं पुरवणीवाल्यांनी बजावलं आहे. मी घेणार. व्यापारी अजून रोज येतो, नदीपर्यंत जातो, चहा पिऊन घरी जातो. त्या म्हाताऱ्याची माफी मागायची ज्याची अजून राहिली आहे, तो गृहस्थ म्हणजे पुरुषोत्तम धोंडीराम तांबट.