ठमाला विचारणं

ही गोष्ट कुठल्या दप्तरात सापडणार नाही. दप्तर नाईकांच्या घरात होतं, आणि नाईकांना ती नको होती.

फार वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या उंबरमाळ वाडीत ठमा नावाची बाई राहायची. वाघोबाला वाहायचे कोंबडे ती पाळायची. कोंबडा तुऱ्यापासून नखापर्यंत काळा लागायचा. एक पांढरं पीस दिसलं, तरी देव रुसायचा आणि वाघ गोठ्यात शिरायचा, असं म्हणतात.

पण काळ्या कोंबडीखाली मधूनच एखादं पांढरं पिल्लू निघायचं. मग वाडी म्हणायची, कोंबडी बाटली. लगेच तिची मान मुरगळायची. कोंबड्याला कुणी हात लावायचं नाही. तो खुराड्यावर उभा राहून आरवत असायचा.

ठमाने कोंबड्यांच्या पायांत रंगीत दोरे बांधले. कुठली कुठल्या कोंबड्याजवळ होती, हे ती वर्षानुवर्षं बघत राहिली. तेव्हा तिला कळलं, की पांढरा रंग काळ्या पिसांखाली दडून राहतो. नर आणि मादी, दोघांतही दडलेला असेल तरच तो पिल्लात उघडा पडतो. मग तिने एक पांढरं पिल्लू डालग्याखाली लपवून वाढवलं. पांढऱ्या कोंबडीजवळ द्यायला पांढरंच असतं, त्यामुळे कोंबड्याने लपवलेलं तिच्यापुढे लपत नाही.

तिने वाडीचा कारभार पाहणाऱ्या खेवजी नाईकाचा दिमाखदार कोंबडा त्या पांढरीजवळ सोडला. तेरा पिल्लं निघाली, त्यांतली सहा पांढरी. पुढच्या खेपेला स्वतःचा काणा कोंबडा सोडला. अकरा पिल्लं, सगळी काळी.

ठमा पांढरीला आणि पिल्लांना घेऊन पारावर गेली.

"नाईक, दोष तुमच्या कोंबड्यात आहे."

"अगं ठमे, पांढरीची पिल्लं पांढरी निघाली, त्यात नवल काय?"

"मग काण्याची अकराच्या अकरा काळी कशी?"

मागून कुणीतरी हसून म्हणालं, "बोला की, नाईक! का कोंबड्यालाच बोलवायचं?"

त्या हसण्याने घात केला. खेवजीने सगळ्यांसमोर पांढरीची मान मुरगळली. ठमाने एक पांढरं पिल्लू तेवढं ओच्यात लपवलं.

नाईकाचा कोंबडा वाडीभर फिरत राहिला. पांढरी पिल्लं निघत राहिली, कोंबड्या मरत राहिल्या. शेवटी काळी कोंबडी एकच उरली, ठमाची. तिच्याखालीही पांढरं निघालं, तेव्हा नाईकाची माणसं तिची मान मुरगळायला ठमाच्या दारात आली. ठमाने ती कोंबडी, काणा आणि ओच्यातल्या त्या पिल्लाची झालेली पांढरी तलंग कोंबडी डालग्यात घातली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, कातळाची वाट धरली. कुणी अडवलं नाही. कुणी थांब असंही म्हणालं नाही.

पावसाळाभर वाघोबाला कोंबडा मिळाला नाही. वाघाने चार गोठे फोडले. पाऊस सरल्यावर घाबरलेले गडी कातळावर चढले. कपारीत ठमा बसली होती, कधीचीच थंड पडलेली. तिच्या खांद्यावर पांढरी तलंग होती आणि भोवती शेकड्याने काळी पिल्लं, एकातही पांढरं पीस नाही. चिखलात वाघाची पावलं उमटली होती. वाघ चार महिने राखण करत होता, असं म्हणतात.

आजही जत्रेआधी वाडीतला प्रत्येक कोंबडा पांढऱ्या कोंबडीजवळ ठेवतात. एक जरी पिल्लू पांढरं निघालं, तर तो कोंबडा देवालाही जात नाही आणि कोंबड्यांतही सोडत नाहीत. याला 'ठमाला विचारणं' म्हणतात. पिल्लासाठी कोंबडीला आता कुणी मारत नाही.

पण ती पांढरी धरण्याचा मान कुणाकडे आहे? खेवजी नाईकाच्या घराकडे! फेटे बांधून, हलगी लावून ते हा मान मिरवतात.

वाडीतली एकही बाई त्या दिवशी त्या घरी पाणी पीत नाही. ही चाल पहिल्यांदा पाळली खेवजीच्याच बायकोने. ती सकाळी उंबऱ्याबाहेर येऊन बसली आणि दिवस मावळेपर्यंत घरात गेली नाही, असं म्हणतात.