लाल दिसलं की लिंबू

नदीकाठच्या एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव गैनू. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. घरच्यांची सगळी पंचाईत तीच होती.

त्याच्या बहिणीचं, सगुणाचं, लग्न ठरलं. मधला भाऊ दत्तू गेल्या पोळ्याला वारला, तेव्हापासून सगुणा हसली नव्हती. हळदीच्या सकाळी थोरल्या रंभाजीने दम भरला, "गैन्या, आज घोळ घातलास तर मामाकडे धाडीन. लग्नाला थांबायचं नाही."

गैनू मनात म्हणाला, सगुणाताईचं लग्न, आणि आपण मामाच्या म्हशींजवळ?

"ताक फार आंबट झालंय," रंभाजी म्हणाला. "चिमूटभर सोडा टाक."

मडकं काठोकाठ भरलेलं. गैनूने सोडा टाकला. ताक फसफसलं, उतू गेलं आणि रंभाजीच्या नव्या चपलांत शिरलं.

"अरे गाढवा, सोडा टाकताना मोठं भांडं घ्यावं नि लांब पळावं!"

"बरं दादा."

मग हरभरे भिजत घालायचे होते. "लवकर शिजतील, पाण्यात सोडा टाक." गैनूने मांडवातली सगळ्यात मोठी कढई आणली, ओंजळभर हरभरे ओतले, सोडा टाकला आणि धूम ठोकली. लिंबाच्या झाडामागून ओरडू लागला, "कुणी पुढं जाऊ नका! उसळणार आहे!"

पाहुणे वाट बघत उभे राहिले. हरभरे गप्प.

"अरे, आंबट असलं तरच सोडा उसळतो!" रंभाजीने कपाळावर हात मारला. "पाण्यात काय उसळणार? आधी चाखून बघावं, मग करावं!"

"बरं दादा."

तेवढ्यात रंभाजीच्या पांढऱ्या धोतरावर हळद सांडली. "साबणाने धू जा." गैनूने आधी साबण चाखला. तोंडाला फेस आला. पण आंबट नव्हता. म्हणजे काही होणार नाही, असं म्हणून त्याने डाग चोळला. पिवळा डाग लालभडक झाला.

"दादा! धोतराला रक्त आलं!"

"रक्त नाही रे, साबण लागला की हळद लाल होते. लिंबू पीळ, परत पिवळी होईल. लाल दिसलं की लिंबू, एवढं ध्यानात ठेव आणि आता कुठे हात लावू नकोस!"

दुपारी विहीणबाई नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन आल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बायकांनी कौतुक केलं, तशा त्या म्हणाल्या, "घरचं आहे हो. हळदीला चुना लावून केलेलं."

हळद! आणि लाल! गैनू धावला. त्याने विहीणबाईंच्या कपाळावर अख्खं लिंबू पिळलं.

कुंकू पिवळं पडलं.

"अगं बाई! माझं कुंकू!" विहीणबाई किंचाळल्या. "उचला ती हळद! नको हे लग्न!"

रंभाजी पांढराफटक पडला. गैनू मात्र शांत होता. "थांबा मावशी, उलटंही होतं," म्हणत त्याने साबण आणला आणि त्यांच्या कपाळावर खसाखसा चोळला. कुंकू पुन्हा लाल झालं. फेस नाकावरून नथीत उतरला. विहीणबाई काही बोलायला गेल्या, तर नथीतून फुगा निघाला.

मग सगुणा हसली. पाटावर बसल्या बसल्या खदखदून हसली. तिला बघून विहीणबाईंनाही हसू आवरेना. "राहू द्या ती हळद," फेस पुसत त्या म्हणाल्या. "आणि ह्या येड्याला लग्नात माझ्याजवळ बसवा."

गैनू सगुणाकडे बघत राहिला. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. डोळे लालबुंद झाले होते.

गैनूने दुसरं लिंबू कापलं.