जोखडाची गाठ

खूप जुन्या काळी, समुद्राचं मीठ बैलगाड्यांतून घाट चढून देशावर जायचं, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण हिच्यातली चूक मोठ्यांची आहे.

घाटाच्या पायथ्याला गाडीवानांचं एक गाव होतं. एका वर्षी तिथे साथ आली आणि कितीतरी घरं ओस पडली. मागे उरली ती अर्धवट वयाची पोरं, ना लहान ना मोठी. ती दिवसभर पारावर बसत, उठत, पुन्हा बसत. कुणाच्या कैऱ्या पाड, कुणाची शेळी उगाच पळव, असं चालायचं. पायांना भिंगरी आणि हातांना काम नाही. गाव त्यांना 'उंडगी' म्हणायचं आणि ती दिसली की दारं लावून घ्यायचं.

दारं लावली तरी शीळ ऐकू यायचीच. घाटातल्या कड्यावर लुटारूंची टोळी होती, आणि संध्याकाळ झाली की तिचा म्होरक्या शीळ घालायचा. ते बोलावणं होतं. वर पोटभर जेवण होतं आणि उंडगं म्हणणारं कुणी नव्हतं. शीळ आली की पारावरची पोरं गप्प व्हायची आणि डोंगराकडे बघत राहायची.

त्या पोरांत भिवा होता आणि त्याची धाकटी बहीण येसू होती. दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

गाडीवानांचा नाईक होता सोनबा. माणूस वाईट नव्हता, पण भारी उतावळा. "पोरांचं काहीतरी करा," म्हणून गावाने त्याच्यामागे टुमणं लावलं, तेव्हा तो म्हणाला, "करायचं काय त्यात? काम द्या, आपोआप सरळ व्हतील." आणि दुसऱ्याच दिवशी त्याने मिठाने भरलेली गाडी भिवाच्या स्वाधीन केली.

भिवाला आभाळ ठेंगणं झालं. त्याने तोंड धुतलं, डोक्याला मुंडासं बांधलं आणि येसूला म्हणाला, "आजपास्नं आपण गाडीवान!"

आता चढावर बैल दम घ्यायला थांबले, की चाकामागे धोंडा लावायचा असतो. नाहीतर गाडी मागे येते. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, असं गावाला वाटायचं. म्हणून भिवाला ते कुणी सांगितलंच नाही. वळणावर बैल थांबले, गाडी मागे सरकली आणि कलंडली. सगळं मीठ ओढ्यात विरघळून गेलं.

सोनबाने चारचौघांत त्याला झाडलं. "उंडगं ते उंडगंच! पुन्यांदा गाडीला हात लावू नको."

त्या संध्याकाळी शीळ आली, आणि अंधार पडला तेव्हा पारावर येसू एकटीच बसली होती. भिवा वर निघून गेला होता.

मग काय, गावाला जोरच आला. उरलेल्यांनाही वेशीबाहेर काढा, म्हणू लागलं. सोनबाने होकाराची मान डोलावली आणि तो गोठ्यात गेला. तिथे त्याचा म्हातारा बैल रवंथ करत उभा होता. तो एकाएकी बोलला.

"नाईक, मला पयल्यांदा गाडीला जुंपलंस, तो दिवस आठवतो का?"

सोनबा दचकला. पण जन्मभर गप्प राहिलेला बैल बोलू लागला, तर ऐकावंच लागतं.

"जोखडाची गाठ मधोमध असती," बैल म्हणाला. "तू ती माझ्या जोडीच्या थोरल्या बैलाकडं सरकवलीस. मग भार त्याच्या मानेवर जास्त आला, माझ्यावर कमी. गाडी बी रिकामीच होती. तरी मी दावं तोडून पळालो, तुला शिंगं मारली. तू मला हाकलून नाही दिलंस."

"तू नवा होतास," सोनबा म्हणाला.

"आणि भिवा?"

सोनबाने बैलाच्या मानेवर हात ठेवला. बैलांच्या बाबतीत जे तो झोपेतही चुकला नसता, ते माणसाच्या पोराच्या बाबतीत त्याला सुचलं नव्हतं.

सकाळी त्याने पंचांना स्पष्ट सांगितलं, "एक बी पोर वेशीबाहेर जाणार नाही." प्रत्येक पोराला एकेका जुन्या गाडीवानाबरोबर लावून दिलं. आधी रिकामी गाडी, मग अर्धी, मग भरलेली. येसूला त्याने स्वतःबरोबर घेतलं आणि चाकामागे धोंडा कसा लावायचा, ते पहिल्या चढावरच दाखवलं. घाटमाथ्यावर एक पाठशाळा होती. बैल विसावा घेतील तेवढा वेळ पोरांनी तिथे अक्षरं शिकायची, असं ठरलं.

ठरलं खरं, पण तुम्हाला काय वाटतं, पोरं लगेच शहाणी झाली? छे! ती शिव्या देत, अर्ध्या वाटेवरून पळत, पाठशाळेत बसल्या जागी चुळबुळत. "बसवत नसेल तर उभ्यानं शिका, चालत शिका, पण शिका," असं म्हणून गुरुजींनीही हात टेकले. येसूची पाटी वाऱ्यावर आणि कान शिळेकडे असायचा.

एके दिवशी चढावर बैल दमून थांबले. येसू धोंडा उचलते तोच कड्यावरून शीळ आली. ती म्होरक्याची नव्हती. तशी शीळ तिला लहानपणी झोपवताना एकच माणूस घालायचा.

"येसू, ये वर!" भिवा ओरडला. "इथं कुनी बोल लावत न्हाई!"

येसूचे पाय वळले. धोंडा हातात, चाक मागे सरकू लागलेलं आणि पुढे जोखडाला धरून उभा सोनबा. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "जायचं तर जा, पोरी. गाडी मी सावरतो." आणि त्याने आपला खांदा जोखडाखाली घातला.

भार आपल्याकडे ओढून घेणारं माणूस येसूने पहिल्यांदाच पाहिलं. तिने धोंडा चाकामागे घट्ट बसवला आणि कड्याकडे तोंड करून रडत ओरडली, "दादा, तूच खाली ये! नवी रीत आलीया!"

सोनबाही ओरडला, "भिवा, चूक माझी व्हती रे! ये!"

वर बराच वेळ कुणीतरी उभं होतं. मग ते मागे फिरलं.

लुटारूंचीही एक रीत होती. तिथे नव्याला सगळ्यांत पुढे ठेवत. थोड्याच दिवसांत राजाचे शिपाई घाटात आले, आणि पहिला भाला भिवाला लागून तो जागीच गेला. जुने लुटारू मागच्या मागे पळून गेले.

येसूने त्याला सोनबाच्या गाडीतून खाली आणलं. सोनबा बैलांपुढे चालत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. "मीठ गेलं म्हणून मी पोर घालवलं," हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

येसू पुढे पाठशाळेतच राहिली, भरपूर शिकली आणि गावात परतून गाडीवानांची नाईक झाली. तिच्या कारकिर्दीतही एका पोराने वळणावर गाडी उलटवली. पोर उभं होतं, डोळे डोंगराकडे लागलेले. गाव बघत होतं.

येसू मिठाकडे बघायलाही गेली नाही. तिने जोखडाची गाठ सोडली, थोरल्या बैलाकडे थोडी सरकवून पुन्हा बांधली आणि म्हणाली, "चल, आता माझ्यासंगं चढू."

तात्पर्य: नव्या खांद्याकडून पुरता भार मागण्याआधी, शिकेपर्यंत त्यातला मोठा वाटा जुन्या खांद्याने उचलावा.