बेटावरची बाभूळ

त्या दिवशी वारा सकाळपासूनच पडलेला होता. वैशाख सरत आला होता. कच्छच्या छोट्या रणावर ऊन असं पसरलं होतं की जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळू नये. लांबवर पाणी लकाकत होतं, पण ते पाणी नव्हतं. नैर्ऋत्येला मात्र चिमूटभर ढग उभा होता, पाहुणा दाराशी घुटमळावा तसा.

"मग बापा, आज तरी सांगता का? हो की नाही?"

विचारणारा शिरीष उकिडवे. पुण्याचा आर्किटेक्ट, वय चौतीस. मोठ्या कचेरीतली नोकरी सोडून त्यानं घेतलेलं हे पहिलं काम. रणात रानगाढवं बघायला लोक येतात, त्यांच्या मुक्कामासाठी सफारी लॉज बांधायचं होतं. जमीन गावाची. गावानं एवढंच सांगितलं होतं, की हमीरबापा हो म्हणाले तर आमचंही हो.

उद्या सकाळी लॉजचे मालक नारळ फोडायला येणार होते. आणि हमीरबापा चार दिवस झाले, हो म्हणत नव्हते. नाहीही म्हणत नव्हते.

"आधी ही बादली धर," बापा म्हणाले.

शिरीषनं बादली धरली.

हमीरबापा ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी मेंढरं घेऊन बारा वर्षं खानदेश-वऱ्हाड फिरलेले, म्हणून मराठी बोलायचे. आता रणाच्या कडेला झोपडीत राहत होते. झोपडीजवळ गोड्या पाण्याचा झिरा होता, आणि झिऱ्याजवळ दगडी हौद. त्यातलं पाणी वाटसरूंना, उंटांना, पाखरांना, जो येईल त्याला.

"रोज तुम्हीच भरता?"

"पूर्वी पाळी असायची. इथं जो राहील त्याची एक-एक दिवस. आता राहतो मी एकटा. मग रोज माझीच."

हौद भरला. शिरीषनं हात पुसले आणि नळकांड्यातून नकाशा काढला. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

झोपडीमागे दोन पुरुष उंचीचं टेकाड होतं. तिकडे त्याला बेट म्हणतात. नकाशातल्या बाराच्या बारा गोल खोल्या त्या बेटावर होत्या. भिंती मातीच्या, छप्पर गवताचं. सिमेंटची एक गोणी नाही. वीज उन्हाची, पाणी पावसाचं. मधोमध बेटावरची एकुलती एक बाभूळ, आणि तिच्याभोवती पाहुण्यांची जेवणाची जागा.

"बाहेरून काही आणायचं नाही बापा. सगळं इथलंच. असं लॉज अख्ख्या रणात कोणी बांधलेलं नाही."

बापांनी नकाशावरून बोट फिरवलं.

"भिंत चांगली आहे. छप्पर चांगलं आहे. पाण्याचा तर माझ्यापेक्षा तूच जास्त विचार केलायस."

"मग अडलंय कुठं?"

बापा चिलमीत काडी घालून ती कोरत बसले…

"लोक कधी येणार?" मग त्यांनी विचारलं.

"बारमाही. पावसाळ्यात तर जास्तच. चहूकडे रणात पाणी आणि मध्ये आपलं बेट. मालकांना तीच गोष्ट फार आवडली."

"आवडणारच. पावसाळा ज्याला काढायचाय, त्याला ती आवडतेच."

शिरीषला वाटलं, आता होकार येईल. आला नाही.

"तुम्ही का नाही राहिलात वर?" तो म्हणाला. "इथं खाली तर पाणी भरत असेल."

"कमरेएवढं. आषाढ लागायच्या आत झोपडी सोडतो, दोऱ्या, बांबू, चटया उंटावर बांधतो आणि गावात जातो. दसऱ्याला परत येतो, परत बांधतो."

"दरवर्षी?"

"साठ वर्षं झाली. बापाची धरली तर नव्वद."

"आणि वर एवढी जागा रिकामी पडलीय…"

बापांनी मान वर करून बेटाकडे पाहिलं. ओळखीच्या घराकडे बघावं तसं.

"रिकामी? मला नाही बुवा कधी दिसली."

ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, मधे थांबत, बेट चढायला लागले. शिरीष मागोमाग. वर काहीच नव्हतं. वाळकं गवत, काळपट माती आणि बाभूळ.

"हे झाड तू कागदावर काढलंस ना?"

"मधोमध काढलंय. हे खोड बघा, तेल लावल्यासारखं तुकतुकीत झालंय. किती पिढ्यांचे हात फिरले असतील त्याच्यावर." मालकांना दिलेल्या वहीत त्यानं या खोडावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या पाठ होत्या, पण आत्ता म्हणवेनात.

"हात," बापा म्हणाले. "माणसाचा हात झाडाच्या गुडघ्यापाशी कशाला जातो रे?"

शिरीषनं पाहिलं. तकाकी गुडघ्यापासून छातीपर्यंत होती. त्याच्या वर साल खडबडीत. खालीही खडबडीत.

बापांनी झाडाकडे पाठ केली, जरा वाकले आणि खोडाला पाठ घासायला लागले. सावकाश, डोळे मिटून. वर, खाली, पुन्हा वर.

"तू पण कर."

"मी?"

"लाजायला इथं आहे कोण?"

शिरीषनं इकडेतिकडे बघितलं आणि दुसऱ्या बाजूनं पाठ टेकली. घासली. बरं वाटलं. म्हणून आणखी एकदा घासली.

मग वळला तेव्हा सालीच्या एका चिरेत त्याला केस दिसले. आखूड, तांबूस-पांढरे. एकाच नव्हे, सगळ्याच चिरांत होते.

तो खाली बसला. पायाखालची काळपट माती उकरली. हीच माती त्यानं पुण्याला तपासायला पाठवली होती. भिंतीला उत्तम, असा निरोप आला होता. शेण आधीच मिसळलेलं आहे म्हणून तो खूश झाला होता. कोणाचं शेण, कधीचं, हे विचारायचं राहून गेलं होतं. वीतभर उकरलं तरी लीदच. एकावर एक थर, पोळ्यांची चवड असावी तसे.

"रानगाढवं… किती येतात?"

"मोजले नाहीत कधी. रणात पाणी चढायला लागलं की निघतात. पोटुशा माद्या आधी. चार महिने अंगाला अंग लावून उभ्या असतात. पिल्लं इथंच होतात, या झाडाच्या आसपास. तेव्हा तू आलास तर पाय ठेवायला जागा मिळायची नाही."

शिरीषनं उकरलेली माती हातानं परत लोटली.

"हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू तीन खोल्या सरकवल्या असत्यास. पाहिजे तर एक कुंपण काढून दिलं असतंस."

शिरीष त्याच घटकेला मनात तीन खोल्या सरकवत होता, आणि कुंपणाचे खांब किती लागतील ते बघत होता.

खाली आल्यावर बापांनी चहा ठेवला. सांडणीचं दूध होतं, त्याला जरा खारट वास येत होता. शिरीषनं नकाशा उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"बापा, झोपडी सोडायला किती वेळ लागतो?"

"दोघं असले तर एक सकाळ."

"आणि एकट्याला?"

"दोन दिवस. दोरीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच."

शिरीष काढायला लागला. झिऱ्यापासून दीडशे पावलं लांब. बारा नाही, सात. मातीच्या भिंती गेल्या, चटया आल्या. पाया गेला, खुंट्या आल्या. मध्येच तो उठला आणि बापांच्या झोपडीच्या गाठी पाहून आला. एक गाठ सोडून बघितली. परत बांधता येईना, तेव्हा बापांनी बसल्या जागेवरून सांगितली.

"खालून घे. खालून. उलटी नाही… हां."

चहा निवून गेला. पुण्याच्या टेबलावर त्या बारा खोल्यांना आठ महिने लागले होते. या सात दुपार कलायच्या आत झाल्या. बेटाच्या जागी त्यानं काहीच काढलं नाही. फक्त एक झाड काढलं, आणि त्याच्या खोडाला गुडघ्यापासून छातीपर्यंत रेघ मारली नाही, कोरं ठेवलं.

"पावसाळ्यात?" बापांनी विचारलं.

"बंद. आषाढाच्या आत सोडायचं, दसऱ्याला बांधायचं."

"आणि तुझे मालक? त्यांना तर पावसाळाच हवा होता."

"उद्या नारळाच्या आधी त्यांना वर नेतो. झाडाला पाठ घासायला लावतो."

बापा हसले. पोट हललं, आवाज झाला नाही.

"जाडजूड आहेत का?"

"बऱ्यापैकी."

"मग झाडाला सांगून ठेवतो."

ढग होता तिथंच होता. हौदावर दोन पारवे उतरले, प्याले, गेले.

"आणि घासून पण नाही ऐकलं तर?" बापा म्हणाले.

"तर काम गेलं."

हे आपणच बोललो, आणि एवढ्या सहज बोललो, याचं शिरीषला नवल वाटलं. नोकरी सोडल्यापासून इतकी शांत भूक त्याला लागली नव्हती. त्यानं फडक्यातली अर्धी भाकरी मागून घेतली आणि निवलेल्या चहात बुडवून खाल्ली.

ऊन उतरायला लागलं तसा त्यानं नकाशा गुंडाळला. कोपऱ्यांवरचे चार दगड जिथून उचलले होते तिथं नेऊन ठेवले.

"बापा, गावाला काय सांगू? हो समजू ना?"

हमीरबापांनी बादली उचलली. आतलं थेंबभर पाणी हौदात निथळवलं. मग त्यांनी ती रोजच्यासारखी आपल्या दाराशी ठेवली नाही. चालत आले, शिरीषच्या पायाशी पालथी घातली, आणि झोपडीकडे वळता वळता म्हणाले,

"उद्या हौद भरायची पाळी तुझी."