घुंगरांचा पट्टा

आटपाट माळावर मेंढ्यांचा एक कळप होता. लांडग्याशी झुंजणाऱ्या कुत्र्याला कळप घुंगरांचा पट्टा द्यायचा. एकदा लांडग्याने कोकरू नेलं, पण बाकीची चित्र्या कुत्र्याने वाचवली, त्याच्या अंगावर झुंजीची जखमही आहे, असं ठरून पट्टा चित्र्याच्या गळ्यात पडला. झालं! भुऱ्या कुत्र्याच्या पोटात दुखायला लागलं. घुंगरं वाजली की त्याला भाकरी गोड लागेना.

शेवटी तो म्हाताऱ्या एडक्याकडे गेला. "चित्र्या कसला झुंजतोय! शेपूट घालून पळाला, बाभळीच्या कुंपणात अडकला. तीच ती जखम."

एडक्याने जखम तपासली. आत बाभळीचा काटा निघाला. पट्टा उतरला.

भुऱ्याने ऐटीत मान पुढे केली. "मी सगळं डोळ्यांनी पाहिलंय!"

तेवढ्यात कोकराची आई पुढे आली.

"पाहत होतास? मग भुंकलास का नाही?"