आणखी वाचा

“…म्हणजे दोष कुणाचा, बुवा? लिहिणाऱ्याचा, की न समजता वाचणाऱ्याचा?”

कुलथे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

काशीगिरी बुवा पडवीत बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शनिवारची दुपार होती. सर तालुक्याहून रिक्षा करून टेकडीवर आले होते. चेहरा उतरलेला, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. असे सर मी कधी पाहिले नव्हते.

मी मठात दिवाबत्ती बघतो. तिथंच खांबाला टेकून होतो. मला कुणी थांब म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

विश्वंभर कुलथे सरांनी आमच्या हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला, ‘विज्ञानवार्ता’. रोज सकाळी एक बातमी. कधी चंद्रावरचं पाणी, कधी माणसासारखं बोलणारं यंत्र. बातमीच्या वर सरांचा एक खुसखुशीत शेरा आणि खाली आम्हा सातशे जणांचे अंगठे.

बातमी आम्ही क्वचितच वाचायचो. शेरा मात्र चुकवायचो नाही. सरांना पहिल्यापासूनच फिरकी घ्यायची सवय.

सोमवारची बातमी मधुमेहाची होती. सरांनी वर लिहिलं होतं, ‘चला मंडळी, आता सुया मोडून टाका!’ पुढं हसरा चेहरा.

शोभा गुरवनं सुया मोडल्या.

शोभा म्हणजे आमच्या अंगणवाडीची ताई. बत्तीस वर्षांची. शाळेत असल्यापासून तिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. काल संध्याकाळी ती तांदूळ निवडता निवडता कलंडली. आता जिल्ह्याच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. श्वास फार जोरात चाललाय, एवढंच आम्हाला कळलं होतं.

“सांगा ना, बुवा,” सर म्हणाले. “मी गंमत केली होती. कुणालाही कळेल अशी गंमत. दोष माझा कसा?”

“बातमी वाचा,” बुवा म्हणाले.

“वाचलीय मी.”

“मी नाही वाचली. मला ऐकवा.”

सरांनी मोबाइल काढला. दोनदा भलतंच काहीतरी उघडलं.

“‘मधुमेह कायमचा बरा होणार. शास्त्रज्ञांना सापडली जादूची गोळी.’”

“पुढं?”

“पुढं सगळा तांत्रिक तपशील आहे.”

“गोळी दिली कुणाला?”

“उंदरांना. आधी उंदरांवरच करतात, बुवा. तशी पद्धत आहे.”

“किती उंदीर होते?”

“शंभर-दीडशे असतील.”

“तसं लिहिलंय?”

“साधारण तेवढे घेतातच.”

बुवांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. दुसरी घेतली.

“आणि ते सगळे बरे झाले?”

“झालेच असणार. त्याशिवाय बातमी कशाला येईल?”

सरांच्या हातातल्या मोबाइलचा पडदा मला दिसत होता. मथळा, एक चित्र, दीड ओळ, आणि खाली निळ्या अक्षरांत ‘आणखी वाचा’.

माझ्या तोंडून निघून गेलं, “सर, खाली आणखी आहे.”

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नववीत गेलो.

“दाबा,” बुवा म्हणाले.

सरांनी दाबलं. बातमी लांबलचक होती. ते मनात वाचू लागले.

“मोठ्यानं.”

“‘…हा प्रयोग अकरा उंदरांवर करण्यात आला. त्यांपैकी चार दगावले. उरलेल्या सात उंदरांची साखर तीन आठवडे… आटोक्यात राहिली, त्यानंतर ती पुन्हा वाढली. माणसांवर चाचणी घेण्याआधी अजून बरीच वर्षं…’”

सर थांबले.

“चार मेले?” बुवांनी विचारलं.

“हो.”

“अकरातले चार.”

“…हो.”

बुवांचा लसूण सोलणारा हात थांबला. त्या बातमीवर मीही अंगठा दिला होता. चूळ भरता भरता, डाव्या हातानं.

“पण बुवा,” सर आता घाईघाईनं बोलायला लागले, “आठवीत मी स्वतः तिला शिकवलंय. सुईला भ्यायची. फळ्यावर चित्र काढून समजावलं तिला, शरीरात साखर कुठं जाते, इन्सुलिन काय करतं. पहिली सुई तिनं माझ्यासमोर स्वतः टोचून घेतली. हुशार पोर होती. तिला कळायला नको?”

“तिनं कुणाचं ऐकून सुई टोचली होती?”

“माझं.”



सरांचा मोबाइल वाजायला लागला. त्यांनी नाव पाहिलं आणि तो चटईवर उपडा ठेवून दिला. तो तसाच थरथरत राहिला. मग वाजायचा थांबला.

“कोण?”

“शोभाचा भाऊ. गणपत.”

“काय म्हणतोय?”

“गोळीचं विचारतोय. निरोपही टाकलेत त्यानं.” सरांनी रुमालानं मान पुसली. “मंगळवारच्या बाजारात एक जण पेटी मांडून बसला होता म्हणे. बातमीत आली ती हीच गोळी, असं सांगून विकत होता. तिनं घेतली. कागदात बांधून दिलेली, ना नाव, ना काही. आता डॉक्टर विचारतायत, पोटात काय गेलंय. गणपतला वाटतं, बातमी सरांनी दिली, म्हणजे गोळी कसली ते सरांना ठाऊक असणार.”

“काय सांगितलंत?”

“उचललाच नाही फोन.”

“कधीपासून?”

“काल रात्रीपासून… नऊ वेळा.”

वाटी बाजूला सारून बुवांनी हात धोतराला पुसले. कोनाड्यातला आपला मोबाइल त्यांनी उचलला. एका भक्तानं दिलेला आहे. बुवांना मोतीबिंदू आहे, बारीक अक्षर दिसत नाही. ग्रुपवर काहीही आलं की ते जोडलेल्या हातांचं चित्र तेवढं दाबतात. दारी आलेल्याला हात जोडायचे, असं त्यांचं म्हणणं. मीच त्यांना ते चित्र कुठं असतं ते दाखवलं होतं.

मोबाइल त्यांनी माझ्याकडे दिला.

“सोमवारी सकाळी मी काय केलंय बघ.”

मी शोधलं. सापडलं.

“सांग.”

“हात जोडलेत, बुवा. सुया मोडायच्या त्या ओळीखाली. सगळ्यांत पहिले तुमचेच आहेत.”

“त्यानंतर शोभानं काही लिहिलं होतं?”

मी बोटानं खाली सरकत गेलो. मंगळवार संध्याकाळ. मध्ये कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, मंगळावरच्या गाडीचा फोटो, दोन विनोद. मग तिचा निरोप होता. मला वाचायचं नव्हतं.

“वाच, बाबा.”

“‘सर, ती गोळी बाजारात मिळाली. आजपासून सुई बंद. सरांनी सांगितलं आणि बुवांनी हात जोडले, आता कशाची भीती! सर्वांचे आभार.’”

आत चुलीवर डाळ उकळत होती, तिचा तेवढा आवाज येत राहिला.

“त्यावर लोक काय म्हणाले?” बुवांनी विचारलं.

“चव्वेचाळीस अंगठे आहेत, बुवा.” मी पुन्हा पाहिलं. “त्यात माझा आहे.”

“अजून?”

“तुमचे जोडलेले हात आहेत.”

“अजून?”

मी सरांकडे पाहिलं. सर माझ्याकडे पाहत नव्हते.

“सरांनी लाल बदाम दिलाय.”

“खोटं!” सर ओरडले. माझ्या हातातून मोबाइल हिसकावून त्यांनी डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहत राहिले. मग चटईवर बसल्या जागी खचले. “मी… मी वाचलंच नसणार ते. माझं नाव दिसलं असेल, आभार दिसले असतील. दाबला असेल. बुवा, तिनं सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं तिनं…”

ते रडायला लागले. म्हातारा माणूस असा आवाज करून रडला की कुठं पाहावं कळत नाही. मी डाळ उतरवायला म्हणून आत गेलो आणि तिथंच जरा उभा राहिलो. सातशे लोक होतो आम्ही. एकानं जरी विचारलं असतं, की कसली गोळी, ताई?

बाहेर आलो तेव्हा बुवा खुंटीवरची शाल काढत होते.

“बुवा, मला काहीतरी सांगा,” सर म्हणत होते. “प्रायश्चित्त सांगा. ग्रुप बंद करतो. मोबाइल ओढ्यात टाकतो. उपास सांगा, जप सांगा, काय म्हणाल ते करतो.”

“चपला कुठंयत माझ्या?” बुवांनी मला विचारलं.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. काशीगिरी बुवांनी क्षेत्रसंन्यास घेतलेला आहे. टेकडीच्या पायथ्याचा ओढा ओलांडायचा नाही, असा नेम. एकोणीस वर्षं झाली. सख्खा भाऊ वारला तेव्हासुद्धा ते ओढ्याच्या अलीकडं उभे राहिले होते आणि तिरडी पलीकडून गेली होती.

चपला नव्हत्याच. मी माझ्या काढून दिल्या. त्यांना मोठ्या होत होत्या.

“कुठं निघालात?” सर उठले.

“दवाखान्यात. तुमच्या रिक्षात जागा आहे ना?”

“बुवा, तुमचा नेम…”

बुवा पायऱ्या उतरायला लागले होते. सर त्यांच्या मागं धावले, मी सरांच्या मागं. अनवाणी, खडे टोचत होते. आपण काहीतरी मोडताना पाहतोय आणि थांबवत नाही, असं वाटत होतं.

रिक्षा ओढ्यापलीकडे उभी होती. ओढ्याला घोटाभर पाणी होतं. काठावर सर बुवांच्या आडवे आले.

“थांबा. माझ्यापायी एवढं नको. एकोणीस वर्षांची तपश्चर्या आहे ती. लोक काय म्हणतील? तुम्ही इथूनच आशीर्वाद द्या तिला. इथूनच हात जोडा, पोचेल तिला.”

बुवांनी सरांकडे नुसतं पाहिलं.

सर बाजूला झाले.

बुवांनी धोतर वर धरलं. पहिलं पाऊल टाकताना ते जरा डगमगले. मग सरळ चालत पलीकडे गेले आणि ओले पाय घेऊन उभे राहिले. मागं वळून त्यांनी मठाकडं पाहिलं नाही.

सर अजून अलीकडंच होते. पुढंही जाईनात, मागंही वळेनात.

“मी कोणत्या तोंडानं येऊ, बुवा?” ते म्हणाले. “दारातच गणपत असेल. डॉक्टर असतील. त्या गोळीत काय होतं, हेच विचारतील सगळे. उद्या ती शुद्धीवर आली तर तीसुद्धा विचारील, सर, गोळी कधी येणार? सगळं गाव मला विचारत आलंय. काय सांगू मी त्यांना?”

बुवांनी पाण्यावरून हात पुढं केला.

“माहीत नाही, असं सांगा… जमेल ना, सर?”